सहा फूट दहा इंचांचा शोध

३ जानेवारी, शुक्रवार. रियाध.
आजपासून रोजनिशी. मोठं काम हातात घेणाऱ्याने नोंद ठेवलेली बरी, नाहीतर पुढे श्रेय भलतेच लोक घेतात.
काल सुमीतचा मेसेज आला. सुमीत म्हणजे सांगलीच्या कॉलेजातला माझा रूम पार्टनर. आता पुण्यात 'दख्खन डंकर्स' या बास्केटबॉल टीमचा ऑपरेशन्स मॅनेजर. नवी प्रोफेशनल लीग सुरू होते आहे. एप्रिलमध्ये ड्राफ्ट, म्हणजे सगळ्या टीम्स ओळीने बसून एकेक नवा पोरगा उचलणार. परदेशात वाढलेली भारतीय पोरंही चालतात. मी डिसेंबरभर त्याला माझे विचार कळवत होतो. काल त्याने उत्तर दिलं: "तिकडे कोणी उंच दिसला तर कळव रे."
म्हणजे मी इंटरनॅशनल स्काउट, पश्चिम आशिया विभाग.
निवेदिता म्हणाली, दिसला तर कळव म्हणजे नेमणूक नव्हे, दिसला तर कळव. बायको हुशार आहे, पण स्पोर्ट्समधलं तिला कळत नाही.
माझी थिअरी साधी आहे. उंची शिकवता येत नाही. टीमला हवा सेंटर. बास्केटखाली उभा राहील, रिबाउंड, म्हणजे रिंगला लागून परत आलेला चेंडू, घेईल, आडवा येईल त्याला ढकलेल, चेंडू आत टाकेल. बाकी सगळी सजावट. कॉलेजच्या टीममध्ये मी तीन वर्षं होतो. बेंचवरून खेळ जितका स्पष्ट दिसतो तितका कोर्टवरून कधीच दिसत नाही.
संकल्प: पहाटे उठणे. शावर्मा बंद. ड्राफ्टमध्ये माझा माणूस पहिल्या फेरीत.

५ जानेवारी, रविवार.
उठायला उशीर झाला. ऑफिसात धावपळ.
संध्याकाळी मॉलमध्ये एक तरुण दिसला, सहा फूट आठ इंच सहज. फूड कोर्टपासून पार्किंगपर्यंत मागे गेलो. सुदानी निघाला. इंजिनीअर आहे. मी मागे का येतोय हे त्याने फार सभ्यपणे विचारलं. अवनी बरोबर होती. ती घरी येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. नववीतल्या मुलींना हल्ली फार लवकर लाज वाटते.

१० जानेवारी, शुक्रवार. जेद्दा.
स्वतःच्या खर्चाने विमान. अल अझीझियात कोकणी मंडळींची मॅच असते आणि तिथे मुआज नावाचा सहा-नऊचा 'यंग प्लेयर' आहे, अशी खात्रीची बातमी होती.
उंची खरी. खांदे खरे. उडी मारून चेंडू वरून रिंगमध्ये कोंबला, डंक मारला, तेव्हा अंगावर काटा आला. मॅच संपल्यावर दोन मुली 'अब्बा, अब्बा' करत त्याच्याकडे धावल्या. वय अडतीस. रायगडकडचा, दातांचा डॉक्टर. लोक त्याला यंग म्हणतात कारण टीममधले बाकीचे पन्नाशीचे आहेत.
त्याने घरी नेऊन बिर्याणी खाऊ घातली. माझी एक दाढ किडल्याचंही सांगितलं. दिवस अगदी वाया गेला असं म्हणता येणार नाही, पण गेला.

१७ जानेवारी, शुक्रवार. अबकैक.
तेलाच्या प्लांटमधल्या एका इंजिनीअरचा मुलगा, ओम. सतरा वर्षांचा, सहा-सहा. कॉलनीच्या कोर्टवर पाहिला. वैताग आला. एवढी उंची आणि हा रेषेबाहेर उभा राहून लांबून टाकतो. पडतातही सगळे. पण सेंटरने लांबून टाकायचं नसतं. मी सांगितलं, आत जा, धक्का दे. तो म्हणाला, "Why? It's going in." त्याच्या वडिलांना मी स्पष्ट सांगितलं की मुलगा नाजूक आहे. चहा अर्धाच मिळाला.
निघताना ओम म्हणाला की कतीफला एक जण आहे, माझ्याहून उंच, समुद्राकाठी कॉर्निशवरच्या कोर्टवर असतो, काय पास देतो अंकल. पासचं मी कानाआड केलं. 'माझ्याहून उंच' लिहून ठेवतो.

३१ जानेवारी, शुक्रवार. कतीफ.
सापडला.
नाव शारीक. वय एकोणीस. सहा फूट दहा. मी स्वतः टेप लावली, दुकानाच्या स्टुलावर चढून. वडील जमालुद्दीनभाई, मूळ दाभोळच्या खाडीकडचे. इथे कोळ्यांच्या बोटींच्या इंजिनांचे स्पेअर पार्ट विकतात. शारीक बारावी होऊन दुकानात बसतो. दारातून येताना मान इतक्या सवयीने वाकवतो की माझे डोळे भरून आले. ही मान वाकवणं म्हणजे करिअर आहे.
कोर्टवर गेलो. फिलिपिनो, सौदी, आपले, सगळे मिसळून खेळतात. फहाद नावाचा एक ठेंगणा सौदी पोरगा पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ चालवणारा. शारीक चेंडू घेतो, डोक्यावर धरतो आणि कुणाकडे न बघता भलतीकडे देतो. तिथे कोणीतरी पोहोचलेला असतोच आणि चेंडू आत. आठ-दहा वेळा झालं. स्वतः एकदाही टाकला नाही. मी विचारलं, तू का नाही टाकलास. म्हणाला, "अंकल, वो फ्री था।"
शिवाय कुणाला धक्का लागला की सॉरी म्हणतो. ब्लॉक केला तरी सॉरी.
कच्चा माल उत्तम. सवयी भयानक. मी वेळेवर पोहोचलो.
जमालुद्दीनभाईंना म्हटलं, मुलगा एप्रिलमध्ये प्रोफेशनल होईल. ते बराच वेळ एका गॅस्केटवरची धूळ पुसत राहिले. मग म्हणाले, "साहेब, ह्याच्या चाचाचा रत्नागिरीत बर्फाचा कारखाना आहे. तिथे जागा आहे ह्याला. मे महिन्यात पाठवतोय. पोराला उगीच आशेवर ठेवू नका. तो मुकाट्याने ऐकतो सगळ्यांचं, म्हणून सांगतोय."
मी शब्द दिला. पहिली फेरी.
शारीक मला गाडीपर्यंत सोडायला आला. चाचाकडे जायचंय का विचारलं. म्हणाला, वहां फ्रीजर में सर झुका के काम करना पड़ता है. मग, खेळायचंय, एवढंच म्हणाला.
परतीचा रस्ता चार तासांचा. वाटेत शावर्मा. आज साजरं करणं आवश्यक होतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार. कतीफ.
ट्रेनिंग सुरू. नियम दोन. पास बंद. सॉरी बंद.
पहिल्या पाच मिनिटांत सात सॉरी. त्यातले दोन मला.
मी त्याला बास्केटखाली उभं केलं आणि फहादला सांगितलं, चेंडू फक्त याला द्यायचा. शारीकने चेंडू घेतला, बास्केटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सवयीने फहादकडे दिला. फहाद टाकून मोकळा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अशाने पोरं बिघडतात.
इस्मतभाभींनी, म्हणजे त्याच्या आईने, जेवल्याशिवाय सोडलं नाही. हामूर माशाचं कालवण आणि तांदळाची सांदणं. मी डाएटवर आहे असं म्हणालो होतो. त्या म्हणाल्या, हो का, आणि आणखी वाढलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार.
आज अवनीची डिबेट होती. इंडियन स्कूलच्या मुलांची कम्युनिटी हॉलमध्ये. मी कतीफला. सकाळी निवेदिताने विचारलं, खरंच जाणार आहेस? मी म्हटलं, एका मुलाच्या भवितव्याचा प्रश्न आहे. ती म्हणाली, घरातही एक मूल आहे. वाक्य चांगलं होतं, पण उत्तर द्यायला वेळ नव्हता. गाडी खाली सुरू होती.
कतीफला वाळूचं वादळ. ट्रेनिंग रद्द. दुकानात बसून चहा प्यायलो. इंजिनाचे इम्पेलर किती प्रकारचे असतात ते कळलं.
अवनी सेमीफायनलला पोहोचली म्हणे. सॉरी म्हटलं तर म्हणाली, "It's fine, Baba." रागावली असती तर बरं झालं असतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार.
आज रिपोर्ट पाठवला. सौदीच्या फाउंडिंग डेची सुट्टी कारणी लागली. हे काम कुशलतेचं होतं, म्हणून सविस्तर नोंद.
धोका असा की टीमच्या ऑफिसात रिपोर्ट दहा जण वाचतात. एक जरी फुटला तरी इतर टीम्सना शारीकचा पत्ता लागणार. तेव्हा मी मुद्दाम उलटा रिपोर्ट लिहिला. 'उंच आहे, पण सेंटर म्हणून निरुपयोगी. फक्त पास देतो. स्वभाव मऊ. शेवटच्या फेरीआधी विचार करू नये.' वाचणारा फसलाच पाहिजे. खरं काय ते सुमीतला तोंडी सांगायचं, म्हणजे दोघांतच राहील.
सुमीतला फोन केला. उचलला नाही.
निवेदिताला योजना सांगितली. तिने भांडं घासता घासता विचारलं, आणि त्याने फोन उचललाच नाही तर? मी हसलो. पंचवीस वर्षांची मैत्री आहे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार.
सुमीतला फोन. मीटिंगमध्ये.
सुमीतला फोन. फ्लाइटमध्ये.
सुमीतचा मेसेज: रिपोर्ट मिळाला, थँक्स, स्पष्ट लिहिलंस ते बरं केलंस.
कोडवर्डमध्ये बोलतोय असं वाटतं. हुशार आहे.

१ मार्च, शनिवार.
मार्च महिना इंटेन्सिव्ह ट्रेनिंगसाठी राखून ठेवला होता. सकाळ-संध्याकाळ दोन सेशन, भरपूर प्रोटीन. ट्रेनिंग आणि आहाराच्या चार्टचं लॅमिनेशनही करून घेतलं.
आज रमजान सुरू झाला.
निवेदिता म्हणाली, चौदा वर्षं झाली आपल्याला सौदीत. मी म्हटलं, तारखा दर वर्षी बदलतात, माणसाने किती लक्षात ठेवायचं.

१४ मार्च, शुक्रवार. कतीफ.
इफ्तारच्या थोडं आधी पोहोचलो. शारीक दुकान बंद करत होता, ओठ सुकलेले. आज हलकं शूटिंग तरी करू म्हटलं. तो लगेच उठला. जमालुद्दीनभाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, राहू दे.
त्यांच्या दस्तरखानावर बसलो. खजूर, भजी, फिरनी. इस्मतभाभींनी माझ्यासाठी वेगळी, कमी साखरेची केली होती. दोन्ही खाल्ल्या. चार्टमध्ये माझं नाव नव्हतं, तरी वजन माझंच वाढतंय.
जमालुद्दीनभाई सांगत होते की शारीक आठवीत असताना एका वर्षात इतका वाढला की वर्गातला बाक बदलावा लागला. पोरं हसायची. तेव्हा तो शाळेतून येऊन पलंगावर पाय दुमडून झोपायचा, लहान दिसावं म्हणून. कोर्टवर गेला तेव्हा पहिल्यांदा सरळ उभा राहिला, असं त्याची आई म्हणते.
हे रिपोर्टमध्ये बसत नाही. पण लिहून ठेवलं.

२० मार्च, गुरुवार.
लीगने जाहीर केलं: गल्फमधल्या खेळाडूंसाठी बहारीनला ट्रायल कॅम्प, ११ एप्रिल. सगळ्या टीम्सचे कोच येणार. असा कॅम्प हवा हे मी जानेवारीतच सुमीतला व्हॉइस मेसेजवर सुचवलं होतं. त्याने ऐकला नव्हता अशी समजूत होती. उगीच गैरसमज करून घेतला.
शारीकचं नाव मी भरायच्या आत त्याने स्वतःच भरलं होतं. फहादने लिंक पाठवली म्हणे.

४ एप्रिल, शुक्रवार. कतीफ.
ईदनंतरचं पहिलं ट्रेनिंग. एकच आठवडा उरला. घसा बसेपर्यंत ओरडलो. चेंडू घे, वळ, ढकल, टाक. शारीकने सगळं केलं. मी सांगितलं तसंच. पण असं वाटत होतं की कोणी जड कपाट एका खोलीतून दुसऱ्या खोलीत सरकवतंय. टाकलेले बहुतेक बाहेर. एक फिलिपिनो पोरगा पडला, गुडघा सोलवटला. शारीक त्याला उठवायला वाकला तेव्हा मी ओरडलो, सॉरी नाही.
तो चेंडू तिथेच ठेवून माझ्याकडे आला. त्याचा चेहरा बघायला मला मान मागे टाकावी लागते. आवाज न चढवता म्हणाला, "अंकल, पास ही नहीं देना है तो मैं खेलूँ क्यों?"
मग जाऊन कठड्यावर बसला, समुद्राकडे तोंड करून. बाकीचे खेळणं थांबवून माझ्याकडे बघत होते. फहाद म्हणाला, "खलास, अंकल. यल्ला, घरी जा," आणि मला पाण्याची बाटली दिली.
परतताना रस्ताभर मनात उत्तरं तयार केली. आजच्या पिढीला फीडबॅक पचत नाही.

६ एप्रिल, रविवार.
जमालुद्दीनभाईंचा फोन. वाटलं, आता सुनावणार. म्हणाले, "साहेब, पोरगा म्हणतो तुम्ही बहारीनला याच. तुमचा एवढा पेट्रोलचा धूर झाला, तुम्हाला कसं वगळायचं."
येतो म्हटलं. निवेदिताला सांगितलं, बघ, शेवटी माझ्याशिवाय चालत नाही. ती म्हणाली, इथून बाहेर जाऊन परत यायचा आपला एक्झिट-रीएंट्री व्हिसा चालू आहे ना, बघून घे. मी म्हटलं, मल्टिपल आहे, कितीदाही चालतो.
अवनीची डिबेटची फायनलही अकरालाच. जिंकशील तू, असं म्हटलं. "You don't even know the topic," ती म्हणाली. खरं आहे. विचारायचं राहून गेलं.

११ एप्रिल, शुक्रवार. खोबर.
शांतपणे लिहितो.
सकाळी बहारीनच्या कॉजवेवर, म्हणजे समुद्रावरच्या पुलावर, दोन गाड्या. पुढे जमालुद्दीनभाईंचा पिकअप, शारीकचं डोकं छताला टेकलेलं. मागे मी. समुद्राच्या मध्ये, बेटावर पासपोर्टची खिडकी. पिकअप निघून गेला. माझ्या पासपोर्टवर त्या ऑफिसरने बराच वेळ काढला. मग म्हणाला, व्हिसा जानेवारीत संपलाय.
मी बँकेत कंप्लायन्सला आहे. लोकांच्या कागदपत्रांवरच्या मुदती तपासणं हेच माझं काम आहे. हे मी त्याला सांगितलं. त्याने मान हलवली आणि गाडी वळवायची जागा दाखवली.
तरी हार मानली नाही. बाजूला उभं राहून अ‍ॅप उघडलं, नवा व्हिसा पाच मिनिटांत निघतो. ओटीपी गेला जुन्या नंबरवर. जुना नंबर हल्ली अवनीकडे. अवनी स्टेजवर.
शारीकला फोन करून सूचना द्याव्यात म्हटलं तर त्याचाही बंद. कॅम्पमध्ये फोन जमा करतात. मग जमालुद्दीनभाई हाच एक सोर्स. खोबरला किनाऱ्यावर गाडी लावून बसलो आणि त्यांना फोन करत राहिलो. त्यांना बास्केटबॉल अजिबात कळत नाही.
काय चाललंय, विचारलं. "पळतायत सगळे."
शारीक काय करतोय. "चेंडू वाटतोय, साहेब. ज्याला त्याला देतोय."
स्वतः एकदाही टाकला नाही का. "टाकला असेल. मी चहा आणायला गेलेलो."
थोड्या वेळाने पुन्हा. "लोक टाळ्या वाजवतायत." कोणासाठी. "ह्याच्यासाठीच बहुतेक. एक गोरा कोच उभा राहिला खुर्चीतून."
उभा राहिला म्हणजे वैतागून निघाला असणार. दोन महिन्यांची मेहनत एका सकाळीत गेली. मी तिथे असतो तर पहिल्याच पासला थांबवलं असतं.
दुपारी ओटीपी आला. खाली अवनीचा मेसेज: Saw this now. I won. Where are you?
अभिनंदन लिहिलं. कुठे आहे ते लिहिलं नाही.

१९ एप्रिल, शनिवार.
विचित्र बातम्या. कॅम्पनंतर दोन टीम्सनी जमालुद्दीनभाईंना फोन केले. शारीकचा एक व्हिडिओ फिरतोय. मी पाहिला. पाठमोरा उभा, चेंडू डोक्यामागून, आणि पलीकडे धावत आलेल्या पोराच्या हातात. चुकून लागल्यासारखं वाटतं. पण लागोपाठ चार वेळा.
अर्थ उलगडला. माझ्या ट्रेनिंगमुळे पाय पक्के झाले, म्हणून हे जमलं. पाया दिसत नसतो.
आता सुमीतला खरं सांगणं तातडीचं. फोन नाही. सहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज केला: रिपोर्ट उलटा आहे, पहिल्या फेरीत घ्या. दोन निळ्या टिकांची वाट बघतोय.

२३ एप्रिल, बुधवार.
टिका निळ्या नाहीत. सुमीतच्या बायकोला मेसेज केला. ती म्हणाली, तो तुझे व्हॉइस मेसेज महिन्याच्या शेवटच्या रविवारी एकदम ऐकतो.
ड्राफ्ट शनिवारी आहे.
ईमेल केला. 'अर्जंट' तीनदा लिहिलं. उत्तर लगेच आलं, ऑटोमॅटिक.

२६ एप्रिल, शनिवार. कतीफ.
ड्राफ्ट. जमालुद्दीनभाईंच्या दिवाणखान्यात वीसेक माणसं. फहाद, फिलिपिनो मंडळी, शेजारचे कोळी. इस्मतभाभी आतल्या दाराच्या पडद्याशी. निवेदिता आणि अवनी आल्या होत्या. अवनीच म्हणाली, मला बघायचंय तू एवढे महिने कुठे जात होतास. शारीक जमिनीवर बसला होता, पाय लांब करायला जागा नव्हती म्हणून गुडघे हनुवटीशी.
डंकर्सचा नंबर चौथा. मी अवनीला म्हटलं, बघ आता. डंकर्सने हरियाणाचा एक गार्ड उचलला.
पाचव्या नंबरला गोदावरी जायंट्स. शारीकचं नाव.
काही क्षण कोणाला कळलंच नाही, कारण निवेदकाने आडनाव चुकवलं. मग फहाद ओरडला आणि सगळे शारीकच्या अंगावर पडले. तो उठायला गेला, पंख्याला हात लागेल म्हणून चार जणांनी त्याला खाली दाबलं. जमालुद्दीनभाई भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी जवळ गेलो तर त्यांनी माझा हात धरला.
टीव्हीवर जायंट्सचा कोच सांगत होता की असा पास देणारा सेंटर आपल्याकडे नव्हता, कॅम्पमध्ये पाचव्या मिनिटाला नाव लिहून ठेवलं. त्याला शारीकबद्दल कोणी सांगितलं असं निवेदकाने विचारलं. कोणीच नाही, म्हणाला, सुदैवाने याच्यावर कोणाचा चांगला रिपोर्टच नव्हता.
तेवढ्यात सुमीतचा फोन. स्वतःहून. फार खुशीत होता. म्हणाला, कोच आमचाही त्याच्यावरच अडून बसला होता, पण मी तुझा रिपोर्ट काढून दाखवला. प्रत्यक्ष बघणाऱ्या माणसाचं मत आहे म्हटलं. तू वाचवलंस आम्हाला.
मी म्हटलं, व्हॉइस मेसेज ऐक. म्हणाला, उद्या नक्की.
फोन ठेवला तेव्हा अवनी शेजारी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. आता हसेल असं वाटलं. तिने आपल्या ताटलीतली रव्याच्या बासबूसाची अर्धी वडी माझ्या ताटलीत ठेवली.

२७ एप्रिल, रविवार.
सुमीतचा मेसेज. सगळे व्हॉइस मेसेज ऐकले. खाली एकच ओळ: यतीन, आता पुरे.
ऑफिसला गेलो. तीन फाइलींच्या मुदती संपलेल्या होत्या. परत पाठवल्या.
तटस्थपणे पाहिलं तर माझा खेळाडू पहिल्या फेरीत गेला. तपशील सोडून देऊ. निवेदिताला असं म्हणालो. ती म्हणाली, हो, सोडूनच दे.

९ मे, शुक्रवार. दम्माम.
शारीक आज गेला. जमालुद्दीनभाईंनी काल फोन केला होता. पिकअपमध्ये सामान आणि पोरगा दोन्ही मावत नाहीत, तुमची गाडी मोठी आहे, एअरपोर्टपर्यंत येता का. आलो. अवनीही आली. पुढची सीट पार मागे ढकलून शारीक बसला. वाटेत अवनीने त्याला डिबेटबद्दल सांगितलं. विषय होता, पालकांनी मुलांचं करिअर ठरवावं का. ती विरोधी बाजूने बोलली होती. शारीक फार हसला. मी रस्त्याकडे लक्ष दिलं.
डिपार्चरला त्याच्या आईने त्याचं डोकं खाली ओढून काहीतरी पुटपुटलं. मग तो माझ्याकडे आला. मी चार वाक्यं तयार ठेवली होती, बास्केटखालच्या फूटवर्कबद्दल. तो समोर आला तेव्हा त्यातलं एकही आठवलं नाही. मी म्हटलं, चेक-इनला आइल सीट माग, पाय बाहेर काढता येतात.
तो थोडा विचार करून म्हणाला, "अंकल, ये आपने सबसे काम की बात बताई।" मनापासून म्हणाला. टोमणा त्याला येत नाही.
आम्ही पार्किंगमध्ये पोहोचलो तेव्हा त्याचा मेसेज आला. मिळाली. अठरा सी.
माझ्या शिफारशीवरून खेळाडूला मिळालेली ही पहिली जागा.